संशोधनातलं गैरवर्तन आणि व्याख्येतून वगळलेलं एक कलम

अमेरिकेत संशोधनाला सरकारी पैसा देणाऱ्या संस्था गैरवर्तनाची चौकशी सहसा स्वतः करत नाहीत. चौकशी विद्यापीठानं करायची आणि अहवाल पाहून निर्णय निधी देणाऱ्यानं घ्यायचा, ही पद्धत १९८०च्या दशकात रुळली. १९८१मध्ये संसदेच्या उपसमितीपुढे विज्ञानक्षेत्रातले धुरीण 'आमचं आम्ही पाहून घेऊ' असंच सांगत होते. १९८५च्या कायद्यानं ती सबब संपवली.

खरा वाद पेटला तो व्याख्येवरून. १९८७ आणि १९८९च्या नियमांत खोटी माहिती रचणं, तिच्यात फेरफार करणं आणि वाङ्मयचौर्य यांच्या जोडीला आणखी एक कलम होतं: मान्य संशोधनपद्धतींपासून इतर कोणतंही गंभीर विचलन. शास्त्रज्ञांच्या संघटनांचा आक्षेप असा की, या कलमाखाली चाकोरीबाहेरचा प्रयोगही गुन्हा ठरेल. प्रत्यक्षात ते क्वचितच वापरलं गेलं. १९९०च्या सुमाराचं एक ठळक प्रकरण परदेशातल्या संशोधनस्थळाचं होतं. तिथल्या ज्येष्ठ संशोधकानं विद्यार्थिनींवर लैंगिक जबरदस्ती केल्याचं निष्पन्न झालं. आकडे खोटे नव्हते, मजकूर चोरलेला नव्हता. त्याला पकडता आलं ते याच कलमानं. विद्यार्थ्यांना संशोधन शिकवणं हा त्या अनुदानाचाच भाग होता, त्यामुळे मार्गदर्शकाचं वर्तन संशोधनाच्या बाहेरचं कसं ठरेल, हा निधी देणाऱ्यांचा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो.

दरम्यान निधीदात्यांची पतही घसरली होती. १९९६मध्ये एका प्रतिकारशक्तीतज्ज्ञ संशोधिकेवरचे सगळे १९ आरोप अपील मंडळानं फेटाळले. तिच्यासाठी दहा वर्षांची निधीबंदी सुचवलेली होती. मग डिसेंबर २०००च्या संघराज्य धोरणात व्याख्या तीन प्रकारांपुरती उरली. विचलनाची कल्पना मात्र दुसऱ्या दारानं परत आली. खोटे आकडे सापडले तरी 'मान्य पद्धतींपासून लक्षणीय फारकत' झाली होती, आणि ती जाणूनबुजून किंवा बेपर्वाईनं झाली, हे दाखवावं लागतं. पूर्वी जी कल्पना जाळं रुंद करत होती, ती आता आरोप सिद्ध करण्याची आणखी एक अट झाली. छळाचा प्रश्न निधीदात्यांना २०१८मध्ये वेगळी अनुदान-अट घालून हाताळावा लागला. मधली अठरा वर्षं विद्यार्थिनींसाठी महाग पडली.

आरोग्य-संशोधनाच्या २००५च्या नियमांत प्राथमिक चौकशीला ६० आणि सखोल चौकशीला १२० दिवस होते. २०२४च्या सुधारणेनं ते ९० आणि १८० केले. पण प्रकरणं ढासळतात ती मुदत अपुरी पडल्यामुळे कमी आणि पहिल्या दिवशीच्या चुकीमुळे जास्त. आरोप असलेल्या व्यक्तीला नोटीस देण्याआधी, निदान त्याच वेळी, प्रयोगवह्या, हार्ड डिस्क, उपकरणांतल्या मूळ फाइल ताब्यात घ्यायच्या असतात. विभागप्रमुख 'आधी बोलून घेऊ' म्हणतात आणि तेवढ्यात मूळ फाइल नाहीशी होते. ताब्यात घेतलेल्या वस्तूंची यादी करायची, संशोधकाला कामासाठी प्रत द्यायची आणि मूळ नोंदी प्रकरण संपल्यावरही सात वर्षं जपायच्या. हेतुपुरस्सर नोंदी नष्ट केल्याचं सिद्ध झालं, तर तोही पुरावा धरला जातो. पुराव्याचं पारडं निम्म्याहून किंचित झुकलं तरी पुरतं. फौजदारी खटल्यासारखी निःसंशय सिद्धता लागत नाही. निधीबंदी बहुधा तीन वर्षांची असते.

या अमेरिकी पैशातला वाटा उप-अनुदान म्हणून घेणाऱ्या भारतीय संस्थांनाही हीच कार्यपद्धती लेखी ठेवावी लागते. आपल्याकडच्या वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८च्या विद्यापीठीय नियमांवर तिथे भागत नाही. त्यांतले १०, ४० आणि ६० टक्क्यांचे टप्पे फक्त मजकुराच्या साम्यासाठी आहेत. एकाच जेलची (प्रथिनं किंवा डीएनए वेगळे करून दाखवणाऱ्या थराची) प्रतिमा उलटी करून दोन शोधनिबंधांत वापरली, तर साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा आकडा शून्यच येऊ शकतो.