केसपेपर कोणाच्या नावावर निघतो?

जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीबाहेरचा बाक सकाळी साडेनऊलाच भरलेला असतो. झोप उडालेल्या मुलाला घेऊन आलेले वडील, नवऱ्याची दारू सुटावी म्हणून त्याला कसंबसं ओढून आणलेली बाई. ही रांग बघून मानसिक आजार कोणाला होतात याचा अंदाज बांधायचा मोह होतो. तो फसवा आहे. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि 'लोक काय म्हणतील' या तिन्ही चाळण्यांतून जे सुटले तेवढेच बाकावर पोचलेले असतात.

खरा आकडा शोधायचा तर दवाखान्याची नोंदवही बाजूला ठेवून घरोघरी जावं लागतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत तसं राष्ट्रीय सर्वेक्षण केलं (महाराष्ट्र त्यात नव्हता). त्या वेळी १०.६ टक्के प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक आजार होता. पुरुषांत १३.९ टक्के, स्त्रियांत ७.५. म्हणजे पुरुष जास्त आजारी? छे. पुरुषांचा आकडा दारूच्या व्यसनानं फुगलेला आहे. नैराश्य आणि चिंतेचे आजार बायकांतच जास्त. आणि या नेहमीच्या आजारांत ८५ टक्के लोकांना उपचार मिळतच नव्हते.

मग या बायका जातात कुठे? जातात, पण दुसऱ्या दाराने. कंबर दुखते, छातीत धडधडतं, हातापायांची आग होते, अंगावरून पांढरं जातं. गोव्यात झालेल्या अभ्यासात या शेवटच्या तक्रारीचं नैराश्य आणि चिंतेशी जवळचं नातं दिसलं. डॉक्टर मात्र जंतुसंसर्गाच्या गोळ्या लिहून देतात आणि आठवड्यानं तीच बाई तीच तक्रार घेऊन परत येते. तिचा केसपेपर निघालेला असतो, फक्त भलत्या खिडकीवर. घरचं काय चाललंय, हे विचारायला दोन मिनिटं पुरतील, पण तिच्यामागे पन्नास जण उभे असतात.

पुरुषांचं उलटं. ते त्या दारानेही येत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या, त्यांत दहातले सात पुरुष. ओपीडीत यायचे ते बहुधा दारूच्या निमित्तानं, आणि तेही कोणी तरी आणलं तर.

अंतराचा हिशेब तर फार जुना आहे. १८५० च्या सुमारास एडवर्ड जार्व्हिस या अमेरिकी डॉक्टरच्या लक्षात आलं, की मनोरुग्णालयाजवळच्या भागांतून जास्त रुग्ण दाखल होतात आणि लांब जावं तसे कमी होतात. जवळच्यांना वेड जास्त लागतं असं थोडंच आहे! आपल्याकडे २०२२ पासून १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, फुकट बोलता येतं, त्यामुळे अंतर मिटलं म्हणावं. पण घरातला एकुलता फोन कोणाच्या खिशात असतो?

अंतर दुसऱ्या बाजूनं कमी करता येतं का, हे विदर्भात बघितलं गेलं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पात स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवून गावातच बसवलं. ते घरी जाऊन बोलायचे, मन रमेल अशी छोटी छोटी कामं ठरवून द्यायचे. मानसोपचारतज्ज्ञाकडे फक्त गुंतागुंतीचे रुग्ण जायचे. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्केच उपचारांपर्यंत पोचत होते. दीड वर्षानं हे प्रमाण २७.२ टक्के झालं. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी नोंद: ही पोच स्त्री-पुरुष, जात, शिक्षण, उत्पन्न या सगळ्यांत जवळपास सारखी होती. म्हणजे ओपीडीच्या बाकावर जो कल आपल्याला माणसांचा स्वभाव वाटतो, त्यातला बराचसा रस्त्याचा आणि भाड्याचा असतो. तरीही शंभरातले त्र्याहत्तर घरीच राहिले होते.