वाचककौल, समकालीन कवितेचा : मराठवाडा

समकालीन कवींच्या कवितांपैकी आपल्याला विशेष भावलेली एक वा अनेक कविता वाचकांनी चिठ्ठीने, पत्राने किंवा सभेत हात वर करून निवडणे आणि त्या निवडीचे कारण थोडक्यात नोंदवणे, या प्रथेस वाचककौल म्हणतात. पुरस्कारात परीक्षक थोडे असतात व ते बहुधा ग्रंथाचा विचार करतात. कौलात निवाडा सुट्या कवितेचा होतो आणि तो करणाऱ्याला वाचनापलीकडे कोणतीही पात्रता लागत नाही. रसग्रहण स्पर्धेपासूनही कौल वेगळा धरावा लागतो, कारण तिथे गुण रसग्रहणाला मिळतात, कवितेला नव्हे. कारण न मागता केवळ मते मोजण्याचे प्रकारही आढळतात. प्रस्तुत नोंदीत त्यांचा विचार आनुषंगिक आहे.

मराठवाड्यातील या प्रथेचे मूळ कोठे शोधावे, याविषयी अभ्यासकांची दिशा एक नाही. एक पक्ष पैठणच्या सातवाहनांपर्यंत मागे जातो. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’ या माहाराष्ट्री प्राकृतातील संग्रहाच्या आरंभीच्या एका गाथेत, कोटीभर गाथांमधून सातशे निवडल्याचे म्हटले आहे. संग्रहाचा गाभा सामान्यतः इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील मानला जातो. मात्र त्यात पुढे अनेक शतके भर पडत गेली असावी. जर्मन विद्वान आल्ब्रेख्त वेबर यांनी एकोणिसाव्या शतकात संग्रहाच्या निरनिराळ्या पाठांची तुलना केली, तेव्हा सर्व पाठांत समान अशा गाथा सुमारे 430च निघाल्या. सातव्या शतकातील बाणभट्ट ‘हर्षचरिता’त सातवाहनाच्या सुभाषितकोशाचा गौरव करतो, तो कोश म्हणजे हाच संग्रह, असे बहुसंख्य विद्वान धरून चालतात. स. आ. जोगळेकर यांच्या 1956च्या मराठी आवृत्तीनंतर हा संग्रह मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला आणि ‘निवडीची परंपरा पैठणची’ हे विधान भाषणांतून रूढ झाले. विधान आकर्षक आहे. तथापि कोटीचा आकडा अलंकारिक मानणेच युक्त, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही निवड राजाची किंवा त्याच्या पदरच्या संग्राहकांची आहे. ऐकणाऱ्या लोकांना कोणी विचारल्याचा उल्लेख त्यात नाही आणि निवडीची कारणेही दिलेली नाहीत.

दुसरा पक्ष अठराव्या शतकातील औरंगाबादकडे (आजचे छत्रपती संभाजीनगर) बोट दाखवतो, आणि तो अधिक ग्राह्य वाटतो. तेथील उर्दू-फारसी वर्तुळांत आवडलेले शेर स्वतःच्या वहीत उतरवून ठेवण्याची रीत होती; अशा वहीस बयाज म्हणत. सिराज औरंगाबादी (मृत्यू 1763) यांनी फारसी कवींच्या दिवाणांतून (काव्यसंग्रहांतून) निवडक संग्रह सिद्ध केला होता. लछमी नारायण ‘शफीक’ यांच्या ‘चमनिस्तान-ए-शुअरा’ या 1761–62च्या सुमाराच्या तजकिऱ्यात (कविपरिचयाच्या ग्रंथात) कवीची ओळख, निवडलेले शेर आणि संग्राहकाचा अभिप्राय एकत्र येतात. निवड आणि तिची कैफियत यांची ही सांगड आधुनिक कौलाच्या बरीच जवळची आहे. मुशायऱ्यात तर श्रोत्यांचे मत तत्काळ कळते. ‘मुकर्रर’ म्हणून शेर पुन्हा म्हणवून घेणे हेच मत, आणि साऱ्या मैफलीतून सरस ठरलेला शेर ‘हासिल-ए-मुशायरा’. मराठी कविसंमेलनांत ‘वन्स मोअर’ने हेच काम केले. छापील चिठ्ठी येण्याच्या कितीतरी आधी मराठवाड्यातील श्रोत्याला कवितेचा निकाल देण्याची सवय होती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. जात्यावरच्या ओवीचा संबंधही कधीकधी जोडला जातो, परंतु तेथे निवड होते ती टिकण्यातून, मतातून नव्हे.

निजामी राजवटीच्या अखेरच्या दशकांत मराठी वाचकाला जाहीरपणे एकत्र येणे सोपे नव्हते. साधारण 1929पासून लागू असलेल्या गश्ती निशाण 53 या हुकुमान्वये सभेसाठी पूर्वपरवानगी लागे. राज्यकारभार व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. या स्थितीत मराठी ग्रंथालये आणि वाचनालये हीच चर्चेची ठिकाणे बनली. 17 सप्टेंबर 1948नंतर चित्र पालटले. दैनिक ‘मराठवाडा’, मराठवाडा साहित्य परिषदेचे ‘प्रतिष्ठान’ आणि पुढे गंगाधर पानतावणे यांचे दलित साहित्याला वाहिलेले ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकांतून या भागातील कविता या भागातच छापली जाऊ लागली. ‘अस्मितादर्श’च्या लेखक-वाचक मेळाव्यांचे महत्त्व येथे विशेष आहे, कारण नावातच वाचक लेखकाच्या बरोबरीने बसवलेला होता. डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने 1950मध्ये औरंगाबादेत सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात घडलेल्या पिढीने कविता कशी वाटली हे सांगताना ती कोणाची आणि कोणासाठी हा प्रश्न प्रथम विचारला; तो प्रश्न पुढे कौलांच्या अभिप्रायांतही उतरलेला दिसतो.

मुद्रित मतपत्रिकेचा आधुनिक साचा मात्र बाहेरचा असण्याची शक्यता आहे. ब्रिटनमध्ये 1995 साली बीबीसीने घेतलेल्या कौलात रुडयार्ड किपलिंग यांची ‘इफ’ ही कविता पहिली आली. 1996मध्ये युद्धोत्तर कवितांपुरता प्रश्न विचारला तेव्हा जेनी जोसेफ यांची ‘वॉर्निंग’ पुढे आली. म्हणजे काळाची चौकट बदलताच निकालाची जातच बदलते. अमेरिकेत कवी रॉबर्ट पिन्स्की यांनी 1997मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात मतमोजणीपेक्षा कारणांना स्थान होते आणि सुमारे 18,000 लोकांनी आवडती कविता कळवली. मराठीत दिवाळी अंकांतील वाचकांची पत्रे आणि आकाशवाणीच्या परभणी व औरंगाबाद केंद्रांना येणारी श्रोत्यांची पत्रे ही सामग्री स्वतंत्रपणे साचत आली असल्याने, ही प्रथा निव्वळ अनुकरणातून आली असे म्हणणे घाईचे होईल.

‘समकालीन’ची सीमा हा कौल घेणाऱ्यांपुढचा पहिला पेच असतो. समीक्षेत साठोत्तरी (1960नंतरची) आणि नव्वदोत्तरी (1990नंतरची) अशा दोन रेषा रूढ आहेत. पहिली धरली तर ना. धों. महानोर यांचा ‘रानातल्या कविता’ (1967) हा संग्रह आत येतो, आणि मग इतर कवींना जागा फारशी उरत नाही. दुसरी धरली तर इंद्रजित भालेराव यांचा ‘पीकपाणी’ (1989) अगदी उंबरठ्यावर राहतो, जे वाचकांना पटण्यासारखे नाही. परभणीचे कवी बी. रघुनाथ (1913–53) कोणत्याही रेषेने बाहेरच राहतात, तरी परभणीकडील चिठ्ठ्यांत त्यांचे नाव येण्याचा संभव नेहमीच असतो. व्यवहारात ‘हयात कवी’ ही कसोटी सर्वांत सोयीची ठरते. तिच्यात साहित्यिक न्याय कमी आणि वाद टाळण्याची सोय अधिक आहे.

चिठ्ठीत साधारणतः कवितेचे नाव, कवी, कोठे वाचली किंवा ऐकली आणि का आवडली, अशा चार जागा असतात. यांपैकी पहिली जागा भरताना मराठवाड्यातील वाचक शीर्षकाऐवजी पुष्कळदा पहिली ओळ किंवा धृपद लिहितो, कारण कविता त्याच्यापर्यंत संग्रहातून कमी आणि संमेलनातून, शिक्षकाच्या तोंडून किंवा ध्वनिफितीतून अधिक पोहोचलेली असते. ओळ पाठ असते, पण शब्द आपल्या बोलीकडे झुकलेले असतात. बीडकडची चिठ्ठी आणि नांदेडकडची चिठ्ठी एकाच कवितेची दोन रूपे देऊ शकते. मोजणी करणाऱ्याने ही रूपे एकत्र न केल्यास मते विखुरतात. स्वतःच्या किंवा आप्ताच्या कवितेला मत देऊ नये असा नियम लिहिलेला असतो. कवी आणि वाचक यांच्यात फारसे अंतर नसलेल्या तालुक्याच्या गावी तो पाळणे किती कठीण, हे सांगावयास नको.

मोजणीच्या पद्धतीकडे आयोजकांचे सहसा दुर्लक्ष होते. निकालावर मात्र तिचा परिणाम मोठा असतो. नऊ वाचकांनी तीन कविता पसंतीक्रमाने लावल्या असे समजू. चौघांचा क्रम अ, ब, क. तिघांचा ब, क, अ. आणि दोघांचा क, ब, अ. केवळ पहिली पसंती मोजल्यास ‘अ’ला 4, ‘ब’ला 3 व ‘क’ला 2 मते पडून ‘अ’ जिंकते, जरी नऊपैकी पाच वाचकांनी तिला शेवटी ठेवले आहे. फ्रेंच गणिती झां-शार्ल द बोर्दा यांनी 1770मध्ये मांडलेल्या रीतीने पहिल्या क्रमांकाला 2, दुसऱ्याला 1 आणि तिसऱ्याला 0 गुण दिले, तर ‘अ’ 8, ‘ब’ 12 आणि ‘क’ 7 असा निकाल लागून ‘ब’ पुढे येते. जोडीजोडीने तुलना केली तरी ‘ब’ ही ‘अ’वर 5 विरुद्ध 4 आणि ‘क’वर 7 विरुद्ध 2 अशी सरस ठरते. कवितेच्या बाबतीत गुणपद्धती अधिक योग्य म्हणावी लागते, कारण वाचकाला एकच कविता आवडते असे क्वचितच घडते. दुसरा दोष मतविभागणीचा. ज्याच्या दहा कविता लोकांच्या ओठी आहेत त्याची मते दहा ठिकाणी वाटली जातात आणि एकाच कवितेने ओळखला जाणारा कवी त्याच्या पुढे जातो; त्यामुळे कवीनिहाय आणि कवितानिहाय असे दोन तक्ते वेगळे लावणे इष्ट.

कौलाचे खरे धन चिठ्ठीच्या चौथ्या, ‘का आवडली’ या रकान्यात असते. तक्ता वर्षभरात शिळा होतो, कारणे होत नाहीत. मराठवाड्यातील अभिप्रायांत सौंदर्याची भाषा तुलनेने कमी आणि साक्षीची भाषा अधिक असते: कवितेत जे आहे ते मी पाहिले आहे, या स्वरूपाची. 1972चा दुष्काळ, 1978 ते 1994 या काळातील विद्यापीठ नामांतराचा लढा, 30 सप्टेंबर 1993चा किल्लारीचा भूकंप, 2016मध्ये रेल्वेने लातूरला आणलेले पाणी, दुबार पेरणीची वर्षे, या खुणांना धरून वाचक कविता लक्षात ठेवतो. पाऊस हा तर जणू वेगळा निकष आहे. पावसाची कविता आवडण्याचे कारण कोकणातील वाचक जेथे हिरवाईत शोधील, तेथे जालना-बीडकडील वाचक तो न आल्याच्या वर्षाची हकिकत लिहील. या साक्षीवृत्तीमुळे दुर्बोध मानल्या गेलेल्या कविता मागे पडतात, हा आक्षेप खरा आहे. परंतु अनुराधा पाटील किंवा दासू वैद्य यांच्यासारख्या कवींच्या संयत, आतल्या आवाजाच्या कविता निवडणारे वाचक जी कारणे देतात ती बहुधा अधिक लांब आणि अधिक विचारपूर्वक लिहिलेली असतात, हेही दुर्लक्षिता येत नाही. मते थोडी पण अभिप्राय भरघोस, असा हा वर्ग आहे आणि नुसत्या बेरजेत तो दिसतच नाही.

काळ हा आणखी एक अडसर. कौल बहुधा दिवाळी अंकाबरोबर किंवा 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने घेतले जातात. नेमक्या याच महिन्यांत बीड आणि लगतच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर गेलेली असतात. ऊसतोडीवरच्या कवितांना मते पडतात ती त्यामुळे मुख्यतः मागे राहिलेल्यांची, शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांची. बंजारा बोलीतील आणि उर्दूतील कवितांसाठी चिठ्ठीवर जागाच ठेवलेली नसते.

पाठ्यपुस्तकांचा प्रभाव सर्वत्र मान्य आहे. 1967मध्ये बालभारतीची स्थापना झाल्यापासून राज्यभर एकच कविता एकाच वयात पाठ होऊ लागली. साहजिकच खुल्या कौलात शाळेतील कविता वर येते आणि कारणाच्या जागी कवितेऐवजी वर्ग, बाई आणि चाल यांची आठवण लिहिली जाते. काही आयोजक पाठ्यपुस्तकातील कविता वगळतात. हा उपाय कठोर आहे. अशा कवितांचा तक्ता वेगळा लावणे पुरेसे व्हावे.

निकालाच्या प्रकाशनात कायद्याचाही प्रश्न येतो. प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, 1957 व त्यातील सुधारणांनुसार कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे हक्क अबाधित राहतात. त्यामुळे बी. रघुनाथ यांची कविता 2014च्या प्रारंभापासून कोणालाही छापता येते, तर 2023मध्ये निधन पावलेल्या महानोरांची कविता 2083च्या अखेरपर्यंत परवानगीवाचून छापता येणार नाही. समीक्षेच्या ओघात काही ओळी उद्धृत करण्यास कायद्याची मुभा आहे. ज्या आयोजकांना वारसदारांचा किंवा प्रकाशकाचा होकार वेळेत मिळत नाही, ते शीर्षकांची यादी आणि वाचकांची कारणे तेवढी छापतात. अशा पुस्तिकेत वाचकाचे गद्य अखंड असते आणि कविता दोन ओळींपुरती.