कोंबुचाची भांडी

घरी कोंबुचा, म्हणजे आंबवलेला गोड चहा, आंबवण्यासाठी आणि भरून ठेवण्यासाठी लागणारी भांडी. साखर घातलेला चहा यीस्ट आणि ॲसिटिक आम्ल बनवणारे जिवाणू आंबवतात, तेव्हा त्याचा पीएच साधारण २.५ ते ३.५ पर्यंत उतरतो. एवढा आंबटपणा आठ-दहा दिवस सोसेल आणि स्वतःचे काही त्यात सोडणार नाही, असे भांडे हवे.

गोव्यातल्या घरांना आंबवण्याची सवय जुनी आहे, पण हाताशी असलेली भांडी इथे फारशी उपयोगी पडत नाहीत. फेणी साठवायचा पोटाळ गाराफांव काचेचा खरा. मात्र तोंड अरुंद, त्यामुळे वर धरलेली स्कोबीची, म्हणजे यीस्ट आणि जिवाणूंच्या थराची, जाड साय निघत नाही, आत हात जात नाही आणि हवाही कमी मिळते. फेणी गाळायचे तांब्याचे भाण तर नकोच, आम्लात तांबे उतरते. पितळ, ॲल्युमिनियमही बाद. कल्हईवर भिस्त ठेवू नये. चिनी मातीच्या जुन्या बरणीच्या झिलईत शिसे असू शकते. झिलईच्या भांड्यातल्या कोंबुचातून शिशाची विषबाधा झाल्याची नोंद ऑस्ट्रेलियात आहे. उरते ती रुंद तोंडाची, तीन-चार लिटरची काचेची बरणी. चांगले स्टील चालते, पण आत काय चालले आहे ते दिसत नाही.

बरणी आधी लोणच्याची असेल तर कस लागतो. धुतल्यावर काचेवरून पाणी सलग ओघळले पाहिजे. थेंब थेंब अडून राहिले तर तेल उरले आहे. साबणाचा अंशही राहू देऊ नये. गार बरणीत एकदम उकळते पाणी ओतले तर ती तडकते, म्हणून आधी कोमट, मग गरम. शेवटी पांढऱ्या व्हिनेगरने विसळावी. माडाच्या सुरेचे घरगुती व्हिनेगर विंदालूत घालावे, इथे नको. त्यात त्याचे स्वतःचे जिवंत जंतू असतात.

तोंडाला घट्ट विणीचे सुती कापड बांधावे. घरात फणस पिकला की चिलटे येतात, आणि विरळ मलमलीतून ती आत शिरतात. पावसाळ्यात सायीवर कोरडी, लवदार बुरशी दिसली तर सायीसकट सगळे टाकून द्यावे.

बाटल्यांची गोष्ट वेगळी, तिथे प्रश्न आंबताना कोंडलेल्या वायूच्या दाबाचा. बियरच्या जाड, गोल बाटल्या दाबासाठीच घडवलेल्या असतात. फेणीच्या किंवा चौकोनी बाटल्या फुटू शकतात. मे महिन्यात भरलेली बाटली ओट्यावर विसरू नये, फ्रीजमध्ये ठेवावी.