प्रियकरावरचा संशय : छोट्या रोमँटिक सस्पेन्स कादंबरीची पार्श्वभूमी

प्रेमकथेला विश्वास लागतो आणि रहस्यकथेला संशय. या दोन्ही गरजा एकाच कथानकात, तेही एका बैठकीत किंवा फार तर दोन बैठकींत वाचून संपेल एवढ्या जागेत, भागवण्याची खटपट छोटी रोमँटिक सस्पेन्स कादंबरी करत असते. हा प्रकार ठरावीक साच्याचा आणि प्रवासात वाचून विसरून जाण्याचा मानला जातो, आणि त्यात तथ्यही आहे. मात्र तो साचा कोणा एका लेखिकेने बसवलेला नाही. तो सुमारे अडीचशे वर्षांत घडत गेला. थोडा लेखकांच्या हातून, थोडा वाचनालयांच्या सोयीने आणि बराचसा प्रकाशकांच्या हिशेबाने. त्याची गोडी कशात आहे आणि तो कुठे उणा पडतो हे समजून घ्यायचे, तर प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारून पाहावा : नायिकेने संशय कोणावर घ्यायचा?

या परंपरेचे मूळ इंग्लंडमधील गॉथिक कादंबरीत आहे. होरेस वॉलपोल यांची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ १७६४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली आणि जुना किल्ला, भुयारी वाट, जुलमी मालक आणि जीव मुठीत धरून पळणारी तरुणी ही सामग्री कादंबरीला मिळाली. या सामग्रीला खरी शिस्त लावली ती अॅन रॅडक्लिफ यांनी. त्यांच्या १७९४ मधील ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’मध्ये नायिका एमिली एका काळ्या पडद्यामागे काहीतरी पाहते आणि बेशुद्ध पडते. तिने काय पाहिले हे वाचकाला तिथे सांगितले जात नाही. ते शेकडो पानांनंतर, कादंबरी संपत आली असताना कळते, आणि तो नुसता मेणाचा पुतळा निघतो. भीती मात्र तोवर पुरती वसूल झालेली असते. मराठीत आपण अशा कथेला सरसकट रहस्यकथा म्हणतो. पण रहस्य ही दडवलेली वस्तू असते आणि उत्कंठा ही वाचकाची अवस्था. पुतळा किरकोळ असूनही उत्कंठा ताणता येते, हे रॅडक्लिफ यांनी दाखवून दिले.

या कादंबरीत संशय कोणावर घ्यावा याविषयी काहीच संशय नाही. एमिलीच्या आत्याचा नवरा मोंटोनी हा दुष्ट आहे आणि प्रियकर व्हॅलनकोर्ट किल्ल्यापासून दूर आहे. प्रेम एका पुरुषापाशी आणि धोका दुसऱ्यापाशी अशी स्वच्छ वाटणी झालेली असल्यामुळे दोन्ही धागे शेजारी शेजारी चालतात, एकमेकांत गुंतत नाहीत. शिवाय चार खंडांचा ऐसपैस विस्तार हाताशी असल्याने लेखिकेला घाई नाही.

घाई आली ती तिच्या नकलांमध्ये. अठरावे शतक संपता संपता निळ्या कागदी वेष्टनातल्या स्वस्त पुस्तिका निघू लागल्या, ज्यांत लांबलचक गॉथिक कादंबऱ्या पिळून ३६ किंवा ७२ पानांत बसवलेल्या असत. लहान पुस्तिकेला सहा पेन्स आणि मोठीला एक शिलिंग पडे. टीकाकारांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. आजच्या छोट्या कादंबरीची खरी पणजी मात्र रॅडक्लिफ यांच्या भारदस्त ग्रंथांपेक्षा ही निळी पुस्तिकाच म्हणावी लागेल, कारण आटवताना काय गळते आणि काय उरते हे तिने प्रथम दाखवले. डोंगरदऱ्यांची वर्णने गेली, नायिकेचे चिंतन गेले आणि प्रेमाची मशागत गेली. पळापळ, दारावरची थाप आणि सुटका एवढे उरले. आजही संक्षेपाची कात्री प्रथम प्रेमाच्या मशागतीवरच चालते.

पुढचा निर्णायक बदल १८४७ मध्ये शार्लट ब्राँटी यांच्या ‘जेन एअर’ने केला. वाड्याच्या वरच्या मजल्यावरून रात्री ऐकू येणारे हास्य, मालकाच्या बिछान्याला लागलेली आग, कोणी काही बोलेना अशी कुजबुज, ही सारी गॉथिक सामग्री इथेही आहे. पण वाड्याचे गुपित ज्याच्यापाशी आहे, तोच नायिकेचा प्रियकर आहे. रॅडक्लिफ यांनी दोन पुरुषांत वाटून दिलेले प्रेम आणि धोका इथे एकाच माणसात एकवटले. माझ्या मते या प्रकारातील सगळा अस्सल आनंद याच एका युक्तीतून निघतो. अनोळखी दरोडेखोराची भीती वाटणे सोपे असते. जो माणूस आवडू लागला आहे, त्याच्या खिशातल्या चावीची भीती वाटणे ही वेगळीच गोष्ट आहे, कारण तिथे नायिकेला जगापेक्षा स्वतःच्या पारखीवर अधिक संशय घ्यावा लागतो.

त्यानंतरच्या दोन दशकांत विल्की कॉलिन्स आणि मेरी एलिझाबेथ ब्रॅडन यांच्यासारख्या लेखकांनी हे भय दूरच्या किल्ल्यातून उचलून नेहमीच्या गृहस्थी घरात आणून ठेवले. कॉलिन्स यांची ‘द वुमन इन व्हाइट’ १८५९-६० मध्ये साप्ताहिकातून क्रमशः आली, त्यामुळे प्रकरणाच्या शेवटी वाचकाला टांगून ठेवण्याचे तंत्र पक्के झाले. हे तंत्र छोट्या कादंबरीने जसेच्या तसे उचलले. फरक एवढाच की आठवडाभर थांबावे लागणारा वाचक आता केवळ पान उलटतो.

तरीही या कादंबऱ्या छोट्या नव्हत्या, आणि त्याचे कारण निव्वळ व्यापारी होते. व्हिक्टोरियन काळात नव्या कादंबरीचे तीन खंड साडेएकतीस शिलिंगांना मिळत, म्हणजे सामान्य वाचकाला ते विकत घेणे अशक्यच होते. तो वर्गणी भरून वाचनालयातून पुस्तके नेई, आणि तीन खंड असले की एकच कादंबरी एकाच वेळी तिघांना देता येई. १८९४ मध्ये मोठ्या वाचनालयांनीच ही व्यवस्था परवडत नाही असे म्हणून हात काढून घेतला, तेव्हा तीन खंडांची कादंबरी काही वर्षांत नामशेष झाली आणि एकखंडी, स्वस्त कादंबरी रूढ झाली. लेखकांना अचानक आटोपशीरपणाची गोडी लागली असे मुळीच नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट यांच्या १९०८ मधील ‘द सर्क्युलर स्टेअरकेस’ने गुन्ह्याचा शोध, तरुण जोडप्यांची प्रेमप्रकरणे आणि संकटाची चाहूल देणारी निवेदिका यांचे मिश्रण लोकप्रिय केले. ‘हे तेव्हाच कळले असते तर’ अशा सुराची वाक्ये पेरण्याची लकब पुढे इतकी बोकाळली की तिच्यावरून एका अख्ख्या संप्रदायाला टोपणनाव मिळाले. थोड्या शब्दांत भीती निर्माण करण्याचा हा स्वस्त उपाय असून तो अजून सुटलेला नाही.

१९३८ मध्ये दाफ्ने दु मॉरिए यांची ‘रिबेका’ आली आणि ब्राँटी यांनी बांधलेली गाठ आणखी घट्ट झाली. (ज्यांनी ती वाचलेली नाही, त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा.) इथे नायिकेचा पती पहिल्या पत्नीचा खुनी आहे, आणि हे कळल्यावर नायिकेचे प्रेम ओसरण्याऐवजी निश्चिंत होते, कारण त्याने त्या पहिल्या पत्नीवर प्रेम केलेच नव्हते, हेही तिला त्याच वेळी कळते. वाचकही नकळत खुन्याच्या सुटकेची वाट पाहू लागतो. हॉलिवूडला हे मानवले नाही. खुनी मोकळा सुटता कामा नये, असे तिथल्या चित्रपटांच्या आचारसंहितेचे म्हणणे असल्याने, १९४० मध्ये आल्फ्रेड हिचकॉक यांनी केलेल्या चित्रपटात खुनाचा अपघात झाला. पुढच्याच वर्षी ‘सस्पिशन’मध्येही तोच प्रकार घडला. मूळ कादंबरीतला नवरा खरोखरच पत्नीच्या जिवावर उठलेला आहे, पण पडद्यावर कॅरी ग्रँट असल्याने तो शेवटच्या क्षणी निर्दोष ठरला. नायक संशयास्पद दिसावा पण दोषी निघू नये, हा आजच्या छोट्या कादंबरीचा अलिखित करार या दोन फेरफारांत आधीच दिसतो.

हा करार कागदी बांधणीच्या पुस्तकांनी पक्का केला. मेरी स्टुअर्ट, फिलिस व्हिटनी आणि ‘व्हिक्टोरिया होल्ट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एलिनॉर हिबर्ट या तिघींनी १९५० आणि १९६० च्या दशकांत या प्रकाराला पुन्हा बहर आणला. होल्ट यांच्या १९६० मधील ‘मिस्ट्रेस ऑफ मेलिन’मध्ये विधुराच्या घरी मुलीला शिकवायला आलेली तरुणी आहे, म्हणजे आराखडा सरळ ‘जेन एअर’चा आहे. पाठोपाठ अमेरिकी प्रकाशकांनी अशा पुस्तकांच्या मालिकाच काढल्या, आणि त्यांचे मुखपृष्ठही ठरून गेले : अंधारात एक मोठे घर, त्याच्या एकाच खिडकीत उजेड आणि घराकडे पाठ करून पळणारी, झग्यातली तरुणी. आतील मजकूर वाचण्याआधीच वाचकाला काय मिळणार हे कळावे, अशी ही सोय होती.

१९७३ मध्ये लेखिका जोआना रस यांनी या पुस्तकांवर एक निबंध लिहिला. कोणीतरी माझ्या जिवावर उठले आहे आणि तो माझा नवराच असावा, अशा आशयाचे त्याचे शीर्षकच पुरेसे बोलके आहे. या कथांत दोन पुरुष हटकून असतात, असे त्यांनी दाखवले : एक तुसडा, करारी, ज्याच्यावर नायिका प्रेमही करते आणि संशयही घेते, दुसरा मृदू, समजूतदार, ज्याच्याकडे ती आधारासाठी जाते. गुन्हेगार हटकून दुसरा निघतो. हे एकदा लक्षात आले की पुढच्या दहा कादंबऱ्यांतील रहस्य पहिल्या चहापानातच फुटते. पात्रे मुळात चार-पाच, त्यांतून नायक करारानुसार निर्दोष, नोकर फार तर दिशाभूल करण्यापुरते. मग उरतो कोण? लांब कादंबरीत लेखकाला संशयितांची गर्दी जमवता येते. छोट्या कादंबरीत गर्दीला जागा नसते, आणि ही उणीव लेखिकेच्या कौशल्यापेक्षा पानांच्या संख्येतून येते.

१९८० नंतर या प्रकाराने बाजू बदलली. कॅनडात १९४९ मध्ये सुरू झालेली हार्लेक्विन ही प्रकाशनसंस्था ब्रिटनच्या मिल्स अँड बून या संस्थेची पुस्तके छापता छापता १९७१ मध्ये तिची मालकच झाली होती. १९८४ मध्ये तिने ‘इंट्रिग’ ही प्रेम आणि गुन्हा यांना वाहिलेली मालिका काढली. अशा मालिकांत शब्दसंख्या ठरलेली असते. ‘इंट्रिग’ची सुमारे ५५,००० शब्दांची, तर त्याच घराण्यातल्या दुसऱ्या एका मालिकेची सुमारे ७०,००० शब्दांची. तुलनेसाठी, ‘उडोल्फो’ अडीच लाख शब्दांच्याही पुढे जाते. त्याच १९८४ साली जॅनिस रॅडवे यांचा प्रेमकथांच्या वाचकांवरील अभ्यास ग्रंथरूपाने आला, आणि सुखान्त ही या वाचकांची पहिली अट असल्याचे त्यातून दिसले. अट पाळायची तर नायकावर खरा संशय घेण्यात अर्थ राहत नाही. म्हणून नायकाचा पेशाच बदलला. वाड्याचा गूढ मालक जाऊन पोलीस अधिकारी, माजी सैनिक, अंगरक्षक आले. संशय घराबाहेरच्या माथेफिरूवर गेला आणि प्रियकर रक्षणकर्ता झाला. एका अर्थी आपण पुन्हा रॅडक्लिफ यांच्या स्वच्छ वाटणीपाशी आलो, फक्त प्रियकर आता किल्ल्यापासून दूर न राहता नायिकेच्या दाराशी पहारा देतो.

या बदलात काही मिळाले हे नाकारता येत नाही. नायिका आता नुसती पळत नाही. ती वकील असते, डॉक्टर असते, पुरावा तिच्याच हाती लागतो. दोघांनी मिळून संकटाला तोंड देताना एकमेकांच्या कामातली सफाई पाहून जो आदर निर्माण होतो, तो चांगल्या छोट्या कादंबरीत फार कमी शब्दांत पटतो, आणि कथा एका दमात वाचून झाल्याने तिचा एकसंध परिणाम टिकतो. एडगर अॅलन पो यांनी १८४६ मध्ये एका बैठकीत संपणाऱ्या रचनेची जी महती सांगितली, ती इथे लागू पडते. पण गमावले ते अधिक मोलाचे आहे, असे मला वाटते. संशय प्रियकरावरून उठला की प्रेमाचा धागा आणि रहस्याचा धागा सुटे होतात. मग पाठलागाच्या मधल्या वेळात प्रेमाचे प्रसंग आणि प्रेमाच्या मधल्या वेळात पाठलाग, अशी आलटूनपालटून हजेरी सुरू होते.

शिवाय प्रेमाला वेळ किती? चार-पाच दिवस. डोनाल्ड डटन आणि आर्थर अॅरन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, उंच आणि हलत्या झुलत्या पुलावर एका तरुणीला भेटलेल्या पुरुषांनी तिला नंतर फोन करण्याचे प्रमाण भक्कम पुलावरील पुरुषांपेक्षा जास्त आढळले होते. भीतीची धडधड आकर्षणाची म्हणून खपते, असा त्यांचा तर्क होता. छोटी कादंबरी नेमकी याच धडधडीवर चालते, आणि पूल ओलांडल्यानंतर काय उरते हे पाहायला तिच्याजवळ पाने नसतात. म्हणून शेवटी ‘सहा महिन्यांनंतर’ असा एक उपसंहार जोडला जातो, ज्यात लग्न झालेले असते किंवा पाळणा हलत असतो. खलनायकही असाच घाईत उरकला जातो. बंदूक रोखून तो आपले सगळे कारस्थान स्वतःच्याच तोंडाने सांगतो, कारण ते शोधून काढायला नायिकेला आणखी तीन प्रकरणे लागली असती.

जेन ऑस्टिन यांनी गॉथिक कादंबरीची थट्टा करणाऱ्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्दँगर अॅबी’त शेवटाकडे मिस्कीलपणे म्हटले आहे की, हातातली उरलेली पाने किती थोडी आहेत हे पाहूनच वाचकाला कळत असेल की आता सगळे सुखरूप होणार. छोट्या कादंबरीला ही चुगली पहिल्यापासूनच झाकता आलेली नाही. आता तर वाचनयंत्राच्या पडद्यावर किती टक्के मजकूर वाचून झाला हे आकड्यानिशी दिसते. साठाव्या टक्क्याला कोणी गुन्हा कबूल केला, की तो माणूस कोणाला तरी पाठीशी घालत आहे हे वाचक नायिकेच्या आधी ओळखतो, आणि तरीही पुढचे पान उघडतो.