खाणे (म्हणी व वाक्प्रचारांतील क्रियापद)

खाणे : अन्न तोंडात घेऊन चावून गिळणे, हा मूळ अर्थ असलेले मराठीतील अगदी नित्याच्या वापरातले क्रियापद. संस्कृत ‘खाद्’ या धातूपासून प्राकृत ‘खाइ’ या रूपातून ते मराठीत आले असून हिंदी ‘खाना’, गुजराती ‘खावुं’ आणि कोंकणी ‘खावप’ ही त्याच कुळातली रूपे होत. मूळ अर्थ इतका साधा असला, तरी म्हणी आणि वाक्प्रचारांत या क्रियापदाने जेवढा पसारा मांडला आहे तेवढा मराठीतल्या फार थोड्या क्रियापदांनी मांडला असेल. मार खाणारा, पैसे खाणारा, भाव खाणारा आणि हाय खाणारा या चौघांची क्रिया भाषा एकाच शब्दाने सांगते, आणि त्यांपैकी एकाच्याही पोटात अन्नाचा कण गेलेला नसतो.

‘खाणे’ आणि ‘जेवणे’ यांतला भेद लक्षात घेतल्याशिवाय या पसाऱ्याचा उलगडा होत नाही. ताट वाढून, बसून, पोटभर घेतलेल्या अन्नाला मराठी माणूस जेवण म्हणतो. मधल्या वेळचे, उभ्या उभ्या किंवा येता-जाता तोंडात टाकलेले ते खाणे. पाहुण्याला ‘जेवून जा’ असा आग्रह करतात, तर चहाबरोबर पोहे किंवा उपमा करायचा असला की ‘खायला काय करू?’ असे विचारतात. उपवासाच्या दिवशी माणूस जेवत नाही, पण साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी आणि रताळ्याचा कीस मात्र खातो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या म्हणीतला टोमणा नेमका याच फटीतून निघालेला आहे. कर्म न सांगता विचारलेल्या ‘तुम्ही खाता का?’ या प्रश्नाचा रोख मांसाहाराकडे असतो, आणि ‘आमच्यात खात नाहीत’ एवढ्या उत्तराने यजमानाला स्वयंपाकाची दिशा कळते. जेवण्याला पंगतीची आणि यजमानाची प्रतिष्ठा आहे, म्हणून लाच, मार किंवा शिव्या कोणी ‘जेवत’ नाही. लाक्षणिक अर्थांचा, विशेषतः बदनाम अर्थांचा, जवळजवळ सगळा भार ‘खाणे’ या क्रियापदावरच पडलेला दिसतो.

म्हण आणि वाक्प्रचार या दोन प्रकारांत या क्रियापदाचे वागणे वेगवेगळे आहे, आणि हा फरक सहसा नजरेतून सुटतो. म्हणींमध्ये खाणे बहुधा खरेखुरे खाणेच राहते. तेथे पोळी असते, मीठ असते, तूप असते, आणि विचारलेला प्रश्न ‘कोणाचे खाल्ले?’ हा असतो. वाक्प्रचारांत मात्र अन्नाची जागा भलत्याच वस्तूने घेतलेली असते आणि प्रश्न ‘काय खाल्ले?’ असा होतो.

कोणाचे खाल्ले, याचा हिशेब ठेवणाऱ्या म्हणी अर्थातच उपकाराच्या आणि इमानाच्या आहेत. ‘ज्याचे खावे मीठ, त्याचे करावे नीट’ ही म्हण आणि ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ हा तिचा सख्खा वाक्प्रचार यांच्यामागे धन्याच्या अन्नाशी चाकराने राखायच्या निष्ठेची कल्पना आहे. फारसीतून आलेले आणि मराठेशाहीच्या कागदपत्रांत रुळलेले ‘निमकहराम’ व ‘निमकहलाल’ हे शब्द तीच कल्पना दरबारी भाषेत मांडतात. ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण वरवर पाहता हेच सांगते, पण तिच्यात इमानापेक्षा खुशमस्करीचा वास अधिक आहे, आणि आज ती बहुतेक वेळा कोणाच्या तरी लाळघोटेपणावर बोट ठेवण्यासाठीच वापरली जाते. ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ हे कृतघ्नतेचे चित्र तर फारच नेमके आहे : ज्या घरात पाहुणचार झाला त्याच घराच्या छपराकडे पाहत, यांची ऐपत किती आणि यांचे काय काय लुटता येईल, याचा अंदाज घेत बसलेला माणूस. याच्या अगदी उलट टोकाला ‘घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा’ उभा आहे. पदरमोड करून परक्याचे काम अंगावर घेणाऱ्या या माणसाला म्हणीने मूर्खात काढले असले, तरी संस्था, मंडळे आणि गणेशोत्सव त्याच्यावाचून चालत नाहीत, आणि तो स्वतःचे वर्णन याच म्हणीने थोड्या अभिमानानेच करतो.

‘खाई त्याला खवखवे’ ही म्हण समजायला स्वयंपाकघरात जावे लागते. खवखव म्हणजे अळू किंवा सुरण नीट न शिजल्यास घशाला सुटणारी चुरचुर. या वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि ते जिभेला व घशाला टोचतात, म्हणूनच अळूच्या फतफत्यात चिंच आणि सुरणाच्या भाजीत आमसूल घालण्याची रीत आहे. ज्याने खाल्ले त्याचाच घसा खवखवणार, शेजाऱ्याचा नव्हे. त्यामुळे चारचौघांत कोणी चोरीचा नुसता विषय काढला आणि एकच जण उसळून उठला, की ही म्हण त्याच्या नावावर जमा होते. ‘चोराच्या मनात चांदणे’ ही म्हणही दोषी मनाबद्दलच बोलते, पण ती मनात डोकावते, तर ही शरीराकडे पाहते.

‘खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी’ या म्हणीतला ‘-शी’ हा प्रत्यय जुन्या वळणाचा असून त्याचा अर्थ ‘तुपाबरोबर’ असा आहे. ‘दुधाशी भाकरी खाल्ली’ असे खेड्यापाड्यांत अजूनही म्हणतात. हट्टी माणसाला लावली जाणारी ही म्हण आणि ‘कधी तुपाशी, कधी उपाशी’ ही नशिबाचे चढउतार सांगणारी उक्ती यांत यमक एकच, पण स्वभाव अगदी निराळे आहेत. ‘खाऊन माजावे, टाकून माजू नये’ हे अन्नाची नासाडी करणाऱ्याला वडीलधाऱ्यांनी दिलेले बजावणे आहे. ‘अति खाणे, मसणात जाणे’ हे अर्थ लावण्याची गरज नसलेले वैद्यकीय मत, तर ‘खायला काळ, भुईला भार’ हा आळशी माणसावरचा आहेर. ‘गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली’ या म्हणीत खाणे हा तोटा भरून काढण्याचा शेवटचा मार्ग आहे, तर ‘हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे’ या म्हणीत ते दडवलेल्या हेतूचे ठिकाण आहे. ‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण मात्र म्हणींच्या रांगेतून थोडी बाहेर उभी आहे. येथे खाणारा सजीव नाही आणि खाणेही खरे नाही. रक्षकानेच भक्षक व्हावे, हा अर्थ तिला वाक्प्रचारांच्या बाजूला नेऊन सोडतो.

वाक्प्रचारांतला मोठा गट सोसण्याचा आहे : मार खाणे, बोलणी खाणे, शिव्या खाणे, धक्के खाणे, खस्ता खाणे, टक्केटोणपे खाणे. व्याकरणाच्या दृष्टीने ही रचना मोठी गमतीची आहे. ‘त्याने आंबा खाल्ला’ आणि ‘त्याने मार खाल्ला’ या दोन्ही वाक्यांत कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे बदलते : मार खाल्ला, बोलणी खाल्ली, धक्के खाल्ले. म्हणजे ज्याच्या पाठीत रट्टे बसले तो व्याकरणात मात्र करता-सवरता ठरतो. ‘त्याला मार बसला’ या वाक्यात तो निव्वळ बिचारा असतो; ‘त्याने मार खाल्ला’ म्हटले, की हा आपल्या कर्माने मार खाऊन आला अशी पुसट छटा येते. ‘शेण खाणे’ आणि ‘माती खाणे’ या प्रयोगांत हीच छटा पूर्ण दोषारोप होते. पहिल्यात नीतीची घसरण आहे, दुसऱ्यात ऐन वेळी केलेली घोडचूक. क्रिकेटचा हातचा सामना घालवणारा संघ माती खातो, शेण खात नाही. मनाच्या खचण्याशी जोडलेले दोन प्रयोग येथेच नोंदवायला हवेत : भीतीने माघार घेणारा कच खातो, आणि दुःखाचा धसका घेणारा हाय खातो.

दुसरा गट गिळंकृत करण्याचा. पैसे खाणे, लाच खाणे, भावाची जमीन खाणे, अनुदान खाणे अशा प्रयोगांतून दुसऱ्याचे किंवा सार्वजनिक धन हडप करण्याचा अर्थ येतो, आणि अन्नमार्गाचे पुढचे सगळे टप्पेही त्याच्याबरोबर येतात : खाल्लेले पचते किंवा पचत नाही, काही जण ढेकरही देत नाहीत, आणि ‘खाऊ जाणे तो पचवू जाणे’ ही म्हण तर या कौशल्याला जवळजवळ दादच देते. देणाऱ्याची क्रिया सांगताना भाषा ‘पैसे खाऊ घालणे’ असे क्वचितच म्हणते. ती ‘पैसे चारणे’ म्हणते, आणि चारणे हे मुळात गुरांना वैरण घालण्याचे क्रियापद आहे. लाचखोराविषयीचे लोकांचे मत या एका शब्दात उतरले आहे. ‘मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणे’ हा या गटातला सर्वांत जळजळीत वाक्प्रचार असून तो संकटात सापडलेल्यांकडूनही फायदा उकळणाऱ्यांना उद्देशून वापरतात. ‘धूळ’ या शब्दापाशी मात्र खाणे आणि चारणे यांची फारकत होते : शत्रूला धूळ चारतात, पण धूळ खात पडते ती सरकारी कचेरीतली फाइल.

‘भाव खाणे’ या प्रयोगाचे दोन अर्थ आजही शेजारी शेजारी नांदतात. लासलगावच्या बाजारात कांदा भाव खातो तेव्हा त्याला चांगली किंमत मिळते. माणूस भाव खातो तेव्हा तो स्वतःची किंमत उगाच चढवून बसतो. नाटकात दुय्यम भूमिका करणारा नट ‘भाव खाऊन गेला’ असे म्हटले, तर ती शुद्ध प्रशंसा असते. गतीचे प्रयोग याहून निराळे व निरुपद्रवी आहेत : पतंग गोता खातो, होडी हेलकावे खाते, ट्रक पलटी खातो, दबलेला आजार पुन्हा उचल खातो. येथे ‘खाणे’ याचा अर्थ ‘होणे’ किंवा ‘घेणे’ याहून फारसा अधिक उरत नाही.

खाणारा माणूस नसला, की प्रयोगाला वेगळीच धार येते. गंज लोखंड खातो, चिंता माणसाला खाते, अपराधाची आठवण मनाला खात राहते. भरल्या वांग्यांना तेल फार लागले तर वांगी तेल खातात, आणि अलीकडे मोबाइलमधले अ‍ॅप बॅटरी खाते. ‘घर खायला उठते’ हा या गटातला सर्वांत बोलका प्रयोग आहे. लेक सासरी गेल्यावर किंवा जोडीदार गेल्यावर मागे राहिलेले माणूस तो वापरते, आणि त्यातले ‘उठणे’ हे क्रियापद भिंतींना अंगावर धावून येणाऱ्या जनावराचे रूप देते. याच साच्यातला एक प्रयोग मात्र भाषेला लाज आणणारा आहे : बाळंतपणात आई दगावली तर ‘जन्मताच आईला खाल्ले’ असे मुलाविषयी आणि नवरा अकाली गेला तर ‘नवऱ्याला खाल्ले’ असे विधवेविषयी म्हटले जाई, आणि अजूनही तो पुरता नाहीसा झालेला नाही.

जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि य. रा. दाते, चिं. ग. कर्वे प्रभृतींनी सिद्ध केलेला महाराष्ट्र शब्दकोश (१९३२–३८) यांसारख्या मोठ्या कोशांत या क्रियापदाच्या नोंदी पाहायला मिळतात. आल्फ्रेड मॅनवारिंग यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठी म्हणींच्या संग्रहात अन्नविषयक म्हणींचा स्वतंत्र विभागच आहे. बोलण्यातले काही प्रयोग मात्र म्हण आणि वाक्प्रचार या दोन्ही चौकटींबाहेर राहतात. ‘हे काही खायचे काम नाही’ म्हणजे काम सोपे नाही. ‘तो काय खाऊन माझी बरोबरी करणार?’ या प्रश्नाला उत्तर अपेक्षित नसते.

‘-खाऊ’ हे उत्तरपद आजही नवे शब्द घडवते. वेळखाऊ प्रक्रिया, भावखाऊ नट, पैसेखाऊ कारकून यांत ते निंदेचे आहे, आणि ‘खाबुगिरी’ हा वृत्तपत्रांच्या मथळ्यांत स्थिरावलेला शब्दही याच घरातला. त्याच रूपाचे ‘खाऊ’ हे नाम मात्र या सगळ्या बदनामीपासून अलिप्त राहिले आहे. लहान मुलांसाठी आणलेला चिवडा, लाडू किंवा गोळ्या-बिस्किटे असा त्याचा अर्थ असून, ज्या घरी मुले आहेत तेथे पाहुण्याने काहीतरी खाऊ नेण्याची रीत महाराष्ट्रभर आहे.