टब आणि शॉवर एकत्र : कोल्हापूरच्या न्हाणीत

टब-शॉवर न्हाणीघर : भिजत बसण्याचा बाथटब आणि उभ्याने अंघोळ करण्याचा शॉवर एकाच जागेत बसवण्याची रचना. तिचे मूळ प्रकार दोन. पहिल्यात शॉवर टबाच्या वरच असतो आणि माणूस टबात उभा राहून अंघोळ करतो. दुसऱ्यात ती सगळी जागाच ओली धरलेली असते. टब एका कडेला, शॉवर त्याच्या शेजारी उघड्या फरशीवर, आणि दोन्हींचे पाणी एकाच उताराने जाते. कोल्हापूरच्या घरांना दुसरा प्रकार मानवतो, कारण इथली न्हाणी पहिल्यापासून तशीच आहे.

मंगळवार पेठ, शिवाजी पेठ अशा जुन्या वस्तीतल्या घरात सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परडे अशी मांडणी असे. न्हाणी परड्याकडच्या कोपऱ्यात. दगडी फरशी एका बाजूला उतरती, उताराच्या टोकाला मोरीचे भोक. शेजारी तांब्याचा बंब, त्याच्या मधल्या नळीत शेणी आणि ढलपे पेटलेले, भोवतीने पाणी. तोटी सोडली की घंगाळात कढत पाणी पडे. त्यात विसण घालायचे, पाटावर बसायचे आणि तांब्याने अंगावर घ्यायचे. अंगावरून उतरलेले पाणी परत अंगाला लागत नसे, आणि अंघोळीची ही कल्पना आजही पक्की आहे. साबणाच्या गढूळ पाण्यात बसून राहणे इथल्या माणसाच्या मनाला पटत नाही. म्हणून फ्लॅटमध्ये शॉवर सहज रुळला आणि टब मागे राहिला. दोन्ही हवे असतील तर आधी अंग धुऊन मग टबात उतरता आले पाहिजे, ही इथली पहिली अट.

फरशीवरच्या जाळीखाली पाणी धरून ठेवणारा आणि गटारीचा वास अडवणारा जो भाग असतो, त्याला देशभरचे प्लंबर आणि अभियांत्रिकीची पुस्तके 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. त्या नावात आपली न्हाणीच बसलेली आहे.

इतरत्र

यांत्रिक शॉवरचे पहिले पेटंट लंडनच्या विल्यम फीथमने १७६७ मध्ये घेतले. हातपंपाने पाणी वर चढवायचे आणि साखळी ओढून डोक्यावर सोडायचे, अशी ती योजना होती. टबाला मोठी चाल मिळाली ती ओतीव लोखंडावर एनॅमल चढवण्याच्या तंत्राने. अमेरिकेत जॉन मायकेल कोहलर यांनी १८८३ मध्ये जनावरांच्या कामाच्या लोखंडी डोणीवर एनॅमल चढवून तिचा टब केला. उद्यमनगर आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांत रोज लोखंड ओतणाऱ्या शहराला यातली कारागिरी समजावून सांगायला नको. पुढे अमेरिकी फ्लॅटमध्ये तीन भिंतींच्या खाचेत बसणारा पाच फुटी टब आणि वर शॉवर ही जोडी रूढ झाली. जागा वाचते म्हणून ती जगभर गेली.

जपानची वाट वेगळी. तिथे टबाबाहेर, त्याच ओल्या खोलीत छोट्या स्टुलावर बसून अंग आधी स्वच्छ धुतात आणि मग कढत पाण्यात केवळ भिजायला उतरतात. पाणी मळत नाही, म्हणून घरातली माणसे पाळीपाळीने तेच वापरतात. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या वेळी हॉटेल न्यू ओतानीसाठी तयार साच्यातली अशी न्हाणीघरे बनवून उचलून बसवली गेली आणि 'युनिट बाथ' हा प्रकार तिथे घराघरात पोचला. जपानी स्टूल आणि आपला पाट यांत फारसे अंतर नाही. कोल्हापुरात टब बसवू पाहणाऱ्याने हॉटेलच्या खोलीचे चित्र डोळ्यापुढे न ठेवता हे ठेवावे, असे नोंदकर्त्याला मनापासून वाटते.

जागा आणि वजन

राष्ट्रीय इमारत संहितेत स्वतंत्र न्हाणीघराचे किमान क्षेत्र १.८ चौरस मीटर आणि संडासासह न्हाणीघराचे २.८ चौरस मीटर आहे. रुंदी किमान १.२ मीटर. १७०० बाय ७५० मिलिमीटरचा टब एकटाच जवळजवळ १.३ चौरस मीटर खातो. म्हणजे किमान मापाच्या खोलीत टब बसवला तर उरलेली जागा पाय टेकण्यापुरतीच. फ्लॅटमधल्या आठ बाय पाच फुटांच्या बाथरूममध्ये मात्र दोन्ही नीट बसतात. पाच फुटी टब समोरच्या आखूड भिंतीला, खिडकीखाली आडवा. त्याच्या अलीकडे तीन फुटांचा पट्टा शॉवरचा आणि पाटाचा. दाराजवळ उरलेल्या अडीच फुटांत कमोड, आणि बेसिन बाहेर पॅसेजमध्ये. कमोड आणि ओला पट्टा यांच्यामध्ये अडीच फुटांची स्थिर काच पुरते. सरकते दार लावले तर त्याच्या खाचेत साबण साठतो.

पाच फूटही नसतील तर चार फूट लांबीचा खोल टब घ्यावा. त्यात पाय पसरत नाहीत, गुडघे मोडून गळ्यापर्यंत बुडता येते.

वजनाचा विचार बहुतेक जण विसरतात. टबात २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. ७० किलोचा माणूस आणि ४० किलोचा ॲक्रिलिकचा टब धरला तर ३१० किलो. ते १.२७५ चौरस मीटरवर पडते, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २४० किलो. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात घरगुती न्हाणीघराच्या स्लॅबसाठी धरलेला वापराचा भार चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो आहे. भार थोड्याच जागेवर असल्याने चांगल्या आरसीसी स्लॅबला तो बहुधा पेलतो, तरी नकाशा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच टब घ्यावा. टब ओतीव लोखंडाचा असेल तर आणखी शंभरएक किलो वाढतात. लाकडी तुळया-पाट्यांच्या माडीवर टब बसवूच नये.

पाणी, ऊन आणि दाब

शहराच्या पाणीपुरवठ्याचे गणित माणशी दिवसाला १३५ लिटरचे असते. काठोकाठ भरलेला टब एका माणसाचा दिवसभराचा वाटा एका वेळी घेतो. मिनिटाला ८ ते १० लिटर सोडणारा शॉवर आठ मिनिटांत ८० लिटरच्या आत भागवतो. म्हणून रोजचे काम शॉवरचे आणि टब सणावाराला, दुखऱ्या कंबरेला, किंवा थंडीतल्या रविवारी, ही वाटणी मांडणीतही दिसावी. शॉवर हाताशी आणि टब पाठीमागे, उलट नव्हे.

टबासाठी नेहमीचा गीझर पुरत नाही. २२ अंशांचे १५० लिटर पाणी ४० अंशांवर न्यायला ३ युनिटहून थोडी जास्त वीज लागते. गीझरमधले पाणी ६० अंशांचे धरले तर विसण सोडून ७० लिटर कढत पाणी हवे, आणि १५ किंवा २५ लिटरचा गीझर तेवढे एका दमात देत नाही. गच्चीवर १०० लिटरचा सोलर असला की हा प्रश्न सुटतो. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांत त्याला गीझरची जोड लागते.

दाबाचे गणितही सोपे आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे एक बार. गच्चीवरची टाकी वरच्या मजल्याच्या शॉवरपेक्षा तीन मीटर उंच असली तर मिळतो तो ०.३ बार. त्यावर मोठ्या ताटाएवढा रेन शॉवर लावला तर धारा न पडता थेंब ओघळतात. तिथे लहान तोंडाचा शॉवर घ्यावा किंवा प्रेशर पंप बसवावा.

नळजोडणी आणि फरशी

प्लंबर ज्याला थ्री-इन-वन वॉल मिक्सर म्हणतात त्यात टबाची तोटी, हातात धरायचा टेलिफोन शॉवर आणि डोक्यावरचा शॉवर तिन्ही एका जागेवरून चालतात. तो टबाच्या लांब भिंतीवर न लावता टब आणि ओला पट्टा यांच्या सांध्याजवळ, आखूड टोकाशी लावावा. म्हणजे टबात न वाकता बाहेर उभे राहून पाणी आधी हातावर पाहता येते. बादलीसाठी मात्र फरशीपासून दोन-अडीच फुटांवर वेगळा नळ हवाच. मराठी घरात बादली आणि तांब्या सुटलेला नाही, आणि सुटावा असे काही कारणही नाही.

पाटाची जागा राखण्याला आणखी दोन कारणे आहेत. एक दिवाळीचे अभ्यंगस्नान. अंगभर तेल आणि वर उटणे लावून ॲक्रिलिकच्या टबात उतरणे धोक्याचे आहे. तळाला तेल लागले की पाय ठरत नाही, आणि उटण्याचा लगदा टबाच्या ४० मिलिमीटरच्या निचऱ्यात बसतो. अभ्यंग पाटावर, खडबडीत फरशीवर आणि उचलता येणाऱ्या जाळीपाशीच व्हावे. दुसरे कारण तान्हे बाळ. आजी किंवा न्हाऊ घालणारी बाई पाटावर बसून पाय लांब करते, बाळाला पायांवर पालथे घेते आणि डोक्यावरून हात आडवा धरून पाणी सोडते. तिला अडीच बाय चार फुटांची सपाट जागा लागते. तीन फुटी पट्ट्यात ती मिळते. टबावरच शॉवर असलेल्या न्हाणीत नाही.

ओल्या पट्ट्याची फरशी दारापेक्षा इंचभर खाली ठेवतात आणि उतार ८० ला १, म्हणजे पाच फुटांत पाऊण इंच देतात. चांगला गवंडी लेव्हल ट्यूबवर थांबत नाही. फरशी जमवली की तांब्याभर पाणी टबाच्या कडेशी ओततो आणि उकिडवा बसून बघत राहतो. पाणी एकसंध सरकत जाळीत गेले तर बरे. कुठे चकाकत थांबले की तेवढी फरशी मसाला ओला आहे तोवर उचलतो. त्याआधीचे काम मात्र डोळ्यांआड जाते. खोलगट स्लॅब, त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा, वर वॉटरप्रूफिंगचा थर, तोही भिंतीवर फूटभर चढवलेला, आणि पाणी भरून निदान दोन दिवस ठेवलेले. खालच्या घराचे छत कोरडे राहिले तरच फरशी. घाईत ही कसोटी गाळू नये.

टबाखाली पोकळी असते. तिथली फरशीही त्याच उतारात घ्यावी आणि टबाच्या दर्शनी बांधकामात फूटभर चौकोनी झडप ठेवावी. राजारामपुरीतल्या एका घरात ही झडप सोडायची राहून गेली होती. निचऱ्याचा रबरी वॉशर गेला, पाणी टबाखाली साठले, आणि खालच्या घरातल्या देवघराच्या भिंतीला ओल आल्यावर ते कळले. पाच-दहा रुपयांच्या वॉशरसाठी टबापुढची पूर्ण टाइल फोडावी लागली. त्या रंगाची टाइल पुन्हा मिळाली नाही. आज तिथे मधोमध वेगळ्या छटेचा चौकोन आहे, आणि झडप त्याच चौकोनात आहे.

टबावरच शॉवर घ्यायचा झाला तर

जागा खरोखर नसेल तेव्हाच. टबाचा तळ सपाट आणि खरखरीत निवडावा, निमुळता सुंदर टब उभे राहायला वाईट. पडद्याऐवजी ८ मिलिमीटर टफन्ड काचेची, बिजागरीवर फिरणारी आठशे मिलिमीटरची पाटी पुरते. काठ दीड फुटापेक्षा उंच असतो. साठीपुढच्या माणसाला ओल्या पायाने तो ओलांडायला लावणे बरे नाही. भिंतीत पक्का बसवलेला दांडा प्रत्येक टबाला हवा, आणि तो टॉवेलच्या दांड्यावर भागवू नये. गीझरच्या वायरिंगवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच, दोन्ही प्रकारांत आवश्यक.

पावसाळा आणि पूर

जून ते सप्टेंबर टबाच्या काठाचे सिलिकॉन काळे पडते. खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट फॅन चालू, एवढाच त्यावर उपाय. बुरशीरोधक सिलिकॉन वापरले तरी दोन-तीन वर्षांनी काढून नवे भरावे लागते. बोअरचे पाणी असेल तर काचेवर पांढरे डाग आणि शॉवरची भोके बुजलेली, हे ठरलेले. शॉवरचे तोंड रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले की भोके मोकळी होतात.

पंचगंगेचा पूर येतो तेव्हा शहराचे नळ कोरडे पडतात, कारण नदीकाठची उपसा केंद्रेच पाण्याखाली जातात. ऑगस्ट २०१९ मध्ये हे झाले, २०२१ च्या जुलैतही पुराने शहराला गाठले. काळम्मावाडी धरणावरून थेट जलवाहिनीचे पाणी नोव्हेंबर २०२३ मध्ये शहरात पोचले, तरी पाऊस लागून राहिला की भांडी भरून ठेवायची सवय गेलेली नाही. घागरी, पिंपे भरून झाली की टबही भरतात. पिण्याला नव्हे, वापराला. त्यासाठी दाबून उघडझाप होणारे पॉप-अप झाकण उपयोगाचे नाही, त्यातून पाणी झिरपते आणि सकाळी टब अर्धा रिकामा मिळतो. साखळीचे रबरी बूच घ्यावे आणि एक जादा बूच न्हाणीच्या कोनाड्यात ठेवावे.