व्हँपायरांच्या शाळेत मानवी विद्यार्थ्याचा प्रवेश : अर्ज नेमके कुठे अडतात

ट्रान्सिल्व्हानियातील व्हँपायरांच्या निवासी शाळेत मानवी प्रवर्गातून प्रवेश घेण्यासाठी अर्जदाराचे वय १३ ते १६ असावे आणि तो हयात असावा. एकाच लिंगाच्या भावंडांतील सातवे अपत्य मृत्यूनंतर 'स्त्रिगोई' (लोककथांतील व्हँपायरसारखे भूत) होते, अशी रोमानियातील जुनी समजूत असल्यामुळे अशा मुलांचे अर्ज या प्रवर्गातून छाननीतच बाद होतात.

सर्वाधिक अर्ज मृत्यूच्या दाखल्यापाशी अडतात. छापील नमुना मूळ विद्यार्थ्यांसाठी केलेला असून त्यात हा दाखला अनिवार्य आहे. जिवंत मुलाने तो आणावा कोठून, हा प्रश्न खिडकीवरील लिपिकांना आजवर पडलेला नाही. त्याऐवजी निवृत्तिवेतनधारक देतात तसा हयातीचा दाखला जोडावा. 'मृत्यूचा दिनांक' या रकान्यात 'लागू नाही' असे लिहू नये, कारण त्यावरून अर्जदाराला अमर समजून अर्ज परस्पर मूळ प्रवर्गात वर्ग केला जातो. तेथे 'अद्याप नाही' असेच लिहावे.

अर्ज संत जॉर्जच्या सणाच्या आदल्या रात्रीच स्वीकारले जातात. पालक २२ एप्रिलला पोहोचतात, दार बंद पाहतात आणि मुदत संपली असे समजून परततात. रोमानियाने १९१९ मध्ये नवे कॅलेंडर स्वीकारले. शाळेच्या कार्यालयाने मात्र स्वीकारले नाही. जुन्या गणनेतील २२ एप्रिल म्हणजे आपला ५ मे होय. मध्यरात्रीनंतर तारीख बदलली तरी कोंबडा आरवेपर्यंत खिडकी उघडी असते, त्यामुळे रांग सोडू नये.

गृहचौकशीसाठी येणारा अधिकारी आमंत्रणाशिवाय उंबरा ओलांडू शकत नाही, आणि कोणी बोलावले नाही तर 'घर बंद आढळले' असा अहवाल देऊन निघून जातो. आपल्याकडे 'या, आत या' हे शब्द तोंडातून सहज निघून जातात. पण एकदा दिलेले आमंत्रण कायमचे मानले जाते, हे ध्यानात ठेवून त्यांना केवळ ओसरीवर बोलवावे.

छायाचित्र, शुल्क आणि शाळा सोडल्याचा दाखला यांत विशेष अडचण येत नाही.

प्रवेशानंतरचे पहिले सत्र परिवीक्षेचे असते. या काळात वर्गात मिसळून जाण्यासाठी खोटे सुळे लावणारी मुले हमखास उघडी पडतात आणि त्यांच्यावर तोतयेगिरीची नोंद होते. आपण माणूस आहोत हे पहिल्याच रात्री सांगणाऱ्यांना मात्र सोबती लवकर मिळतात, असा अनुभव आहे. डब्यात लसणाची चटणी देऊ नये. राजगिरा, खसखस यांसारखे बारीक दाणे तर मुळीच देऊ नयेत, कारण ते सांडल्यास अख्खा वर्ग ते मोजत बसतो आणि बुडालेल्या तासाचा ठपका डबा आणणाऱ्यावर येतो.

'रक्तगट' हा रकाना ऐच्छिक आहे. तो रिकामा ठेवावा.